चालशे

पंक्चर काढता काढता जिग्नेश म्हणाला,
काका, आ नट बदली नाखो, सारा नथी लागता.
दिसायला बरे नाहीत, एवढंच.
बाकी?
बाकी तो चालशे.

आता या 'चालशे'चं काय करायचं.
मकरपुऱ्यात एकतीस वर्षं मी व्हॉल्व्ह तपासले.
गेज आत जातं, नाहीतर जात नाही.
'चालेल' नावाचा खण
माझ्या टेबलाला नव्हताच.

घरी येऊन चाकापाशी उकिडवा बसलो.
गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं थांब जरा.
चार चोक सोळा.
विश्वामित्री कारेलीबागेत शिरली त्या ऑगस्टात
दोन दिवस पाण्याखाली उभे होते हे.
कंपनीतून आले तेव्हा काळे, तुळतुळीत.
आता पानातल्या काताचा रंग.
बोट फिरवलं, बोटाला लागलं,
नाकाशी नेलं तर लहानपणी
सुताराकडे बघून तोंडात धरलेला खिळा.

कुमुद वरून म्हणाली, बदला की,
सोळा नटांनी दिवाळं निघत नाही.
चहा निवतोय.
रविवारी नेत्रा गाडी नेणार, अमदाबादला, एक्स्प्रेसवेनं.
तिला गंज दिसणार नाही.
मला तो इथूनच दिसतो,
ताशी शंभरच्या वेगानं फिरताना.

एक सोडवला.
पान्यावर अख्खा उभा राहिलो
तेव्हा कुठे किंचाळला.
उलटा करून उजेडात धरला,
आत आटे कोरे, नुकतेच पाडल्यासारखे.
जिथं काम आहे तिथवर
गंज पोचलाच नव्हता.
दुसरा तसाच. पाचवा, नववा.
चहावर साय आली.

मग मागचं डावं चाक.
तिथं एक चकचकीत,
सुतकात कुणी जरीचा फेटा बांधून यावं तसा.
हालोलच्या रस्त्यावर एका रात्री
हरवलेल्याच्या जागी कुणा पोरानं
आपल्या डब्यातला लावून दिलेला.
काढला. पाहिलं.
याची बैठक सपाट.
बाकी पंधरांची निमुळती, चाकाच्या खोबणीत बसणारी.
हा बसत नाही, नुसता टेकतो.
आटे जुळतात, म्हणून कुणाला कळत नाही.
आणि गाडी धुताना मी
दर वेळी यालाच पुसत आलो,
कारण पुसलेलं
याच्यावरच दिसायचं.

प्रतापनगरच्या पुलाखाली यासीनभाईनं
क्रोमचा सेट पुढे ठेवला, सोळाच्या सोळा, टोप्यांसकट.
नको म्हटलं. एकच. जुना. याच गाडीचा.
भंगाराच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून
त्यानं एक काढला आणि माझ्याकडे बघितलं,
काका, कटायेलो जोइए?
हो, कटायेलो.
पैसे घेईना. बळंच वीस रुपये दिले.

ब्रश मारला. तेल नाही.
आट्याला तेल लावलं की पाना फसतो,
त्याला वाटतं अजून आवळायचंय.
समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन,
सगळ्या चाकांना, पुन्हा एकदा.
चकचकीत आता वीजबिलावर आहे,
पंख्याखाली कागद धरून.
तिथं चालेल.

रविवारी नेत्रा आली, चाकाला बुटानं टोचून पाहिलं.
बाबा, किती गंजलेत नट, बदलायचे ना.
बदलला, म्हटलं.
एकवचन तिच्या लक्षात आलं नाही,
ती आरशात स्वतःपुरता रस्ता लावून घेत होती.
पन्नास किलोमीटरवर थांब, पुन्हा आवळ, पाना डिकीत आहे.
हो, म्हणाली.

गाडी वळली.
त्या 'हो'ला लावायला
माझ्याकडे गेज नाही.